एक खातेवही, दोन प्रती

पेणच्या एखाद्या मूर्तिकाराच्या खात्यांत १०,००० रुपये आहेत असें समजूं. गणपतीच्या हंगामांत तो रंगाचे ८,००० फोनवरून चुकते करतो. त्याच क्षणीं रोह्यास गेलेला त्याचा मुलगा त्याच खात्यांतून टेंपोच्या भाड्याचे ८,००० देतो. पेणची मागणी वहीच्या एका प्रतीकडे गेली, रोह्याची दुसरीकडे, आणि प्रत्येकीनें आपल्यापुरतेंच पाहिलें, तर ६,००० रुपयांची तूट कोणाच्या माथीं बसावी?

मग प्रती दोन कशाला, असें कोणी विचारील. या व्यवस्थेस ‘क्लाऊड’ म्हणतात खरें. पण वही मेघांत नसून यंत्रांनीं भरलेल्या इमारतींत, जमिनीवरच असते, आणि पावसाळ्यांत जमिनीचा भरंवसा किती हें कोंकणांतील वाचकांस सांगणें नको. २६ जुलै २००५ च्या पावसांत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाणी पडलें. म्हणून दुसरी प्रत दूर ठेवावी लागते. अमेझॉन कंपनीनें मुंबईचें केंद्र २०१६ सालीं उघडलें, हैदराबादचें २०२२ सालीं. दरम्यान २०१८ मध्यें रिझर्व्ह बँकेनें देयकव्यवहारांची माहिती भारतांतच ठेवण्याचा दंडक घातला. तेव्हां परदेशीं प्रत ठेवण्याची वाटही बंद झाली.

मुंबई ते हैदराबाद सरळ रेषेनें सुमारें ६०० किलोमीटर. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर धांवतो. जाऊन येण्यास सेकंदाचे निदान ६ सहस्रांश लागतात. एक प्रत मुख्य मानावी, प्रत्येक रक्कम तिच्या संमतीनेंच द्यावी, व दूरच्या प्रतीची पोंच आल्यावांचून होकार देऊं नये, ही एक रीत. आधीं होकार देऊन नोंद मागाहून पाठवावी, ही दुसरी. ती चपळ आहे. परंतु त्या मधल्या क्षणीं मुख्य केंद्र बंद पडलें तर न पोंचलेल्या नोंदी त्याच्याबरोबर गेल्या.

खरा पेंच तार तुटल्यावर. दोन्ही केंद्रें जिवंत, पण एकमेकांस मुकीं! अमेरिकेंतील ब्रूअर यांनीं २००० सालीं मांडलें, आणि गिल्बर्ट व लिंच यांनीं २००२ सालीं सिद्ध केलें, कीं अशा वेळीं वही सर्वत्र एकच उत्तर देईल, अथवा प्रत्येकास उत्तर देत राहील. दोन्ही साधणार नाहीं. म्हणून पुष्कळ ठिकाणीं तीन प्रती ठेवतात: ज्या बाजूस दोन उरल्या ती काम चालवते, एकटी पडलेली गप्प बसते.

छायाचित्रास किती जणांची पसंती मिळाली हा आंकडा घटकाभर चुकला तरी कोणाचें कांहीं जात नाहीं. तेथें बोलकी वही चालेल. पैशाच्या वहीनें मात्र, आमच्या मतें, गप्प बसणेंच बरें. रोह्यास मुलगा खोळंबेल, टेंपोवाला कुरकुरेल. आणि तार जुळल्यावर खात्यांत खरी शिल्लक दिसेल, २,००० रुपये.