नांव आहे, माल नाहीं

सी भाषेंत लिहिलेला प्रोग्रॅम चालूं लागण्यापूर्वीं दोघांच्या हातांखालून जातो. कंपायलर भाषांतर करितो. लिंकर निरनिराळे तुकडे सांधतो. वर्गमूळ काढणाऱ्या ‘एसक्यूआरटी’ या फंक्शनसाठीं ‘मॅथ.एच’ ही हेडर फाइल घेतली, कीं कंपायलरचें समाधान होतें. परंतु हेडर ही नुसती पाटी. माल लिनक्समध्यें बहुधा ‘लिबएम’ या वेगळ्या कोठारांत असतो. तें कोठार दाखविलें नाहीं, तर लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ अशी तक्रार करितो, आणि नवशिका निर्दोष मजकूरच खोडीत बसतो.

वस्तुतः आज्ञेच्या शेवटीं ‘-एलएम’ लिहिलें, कीं काम भागतें. शेवटींच कां? लिंकर कोठारें सामान्यतः डावीकडून उजवीकडे पाहातो व तोंवर ज्याची मागणी झाली तेवढाच माल उचलतो. कोठार आधीं आलें, तर मागणीअभावीं तो रिकाम्या हातीं पुढें जातो.

शंका उरल्यास ‘एनएम’ ही आज्ञा नांवांची यादी देते: नांवाआधीं ‘यू’ म्हणजे मागणी, ‘टी’ म्हणजे माल हजर. तक्रार कंपायलरची कीं लिंकरची, एवढें प्रथम ओळखावें. म्हणजे बरोबर लिहिलेलें बिघडत नाहीं.