ब्रुकलिनचा लाडका संघ आणि काळ्या वार्ताहरांची लेखणी

अमेरिकेत बेसबॉलवर विपुल आणि चांगले गद्य लिहिले गेले आहे. त्यातही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ‘डॉजर्स’ हा संघ लेखकांचा विशेष लाडका. पुन्हा पुन्हा जागतिक मालिकेत हरणारा, १९५५ साली एकदाच ती जिंकणारा आणि १९५७ च्या हंगामानंतर मालकाने लॉस एंजेलिसला हलवलेला हा संघ. त्याचे एबेट्स फील्ड हे मैदानही १९६० साली पाडले गेले. हरवलेल्या गोष्टीविषयी माणसे हळवेपणाने लिहितात. रॉजर कान यांचे १९७२ चे ‘द बॉइज ऑफ समर’ हे या लेखनातले सर्वांत गाजलेले पुस्तक. जॅकी रॉबिन्सनविषयी ते आस्थेने बोलते, हे मान्यच केले पाहिजे. तरीही एक प्रश्न उरतो. १५ एप्रिल १९४७ रोजी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला, तो क्षण कोणाच्या लेखणीने घडवला आणि कोणाच्या लेखणीने आपल्यापर्यंत आणला?

या प्रश्नाचे उत्तर मला जिम रायस्लर यांनी संपादित केलेल्या ‘ब्लॅक रायटर्स, ब्लॅक बेसबॉल’ या १९९४ च्या संकलनात सापडते. काळ्या साप्ताहिकांतील क्रीडावार्ताहरांचे जुने लेख त्यात एकत्र केले आहेत. ‘पिट्सबर्ग कुरियर’चे वेंडेल स्मिथ, बाल्टिमोरच्या ‘आफ्रो-अमेरिकन’चे सॅम लेसी, हार्लेमच्या ‘पीपल्स व्हॉइस’चे जो बॉस्टिक ही त्यांतली प्रमुख नावे. काळ्यांच्या स्वतंत्र वृत्तपत्रांची गरज काय होती, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९२० साली ‘मूकनायक’ का काढावे लागले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तेही ठाऊक आहे.

हे लेख वाचताना प्रथम जाणवते ते असे, की हे वार्ताहर खेळाचे केवळ साक्षीदार नव्हते. स्मिथ तरुणपणी स्वतः गोलंदाजी करीत. त्यांच्या वाट्याला आलेला नकार कौशल्याच्या अभावी नव्हता, कातडीच्या रंगापायी होता. काळ्या खेळाडूंसोबत गोरे खेळाडू खेळणार नाहीत, अशी सबब मोठ्या संघांचे चालक सांगत. १९३९ साली स्मिथ यांनी नॅशनल लीगच्या आठ व्यवस्थापकांना आणि चाळीसेक खेळाडूंना थेट प्रश्न विचारले. बहुसंख्यांनी हरकत नसल्याचे सांगितले. ती उत्तरे ‘कुरियर’मध्ये छापली गेली आणि सबब उघडी पडली. याला मी शोधपत्रकारिता म्हणतो. क्रीडापानावर छापली गेली म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

एप्रिल १९४५ मध्ये बॉस्टिक दोन काळ्या खेळाडूंना घेऊन डॉजर्सच्या सराव छावणीवर आगाऊ सूचना न देता धडकले आणि त्यांची चाचणी घ्यायला लावली. दोघांनाही घेतले गेले नाही. त्याच महिन्यात स्मिथ यांनी रॉबिन्सनसह तिघांना बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाकडे नेले. तिथेही पदरी काही पडले नाही. परतताना स्मिथ डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांना भेटले आणि रॉबिन्सनचे नाव त्यांच्यापुढे ठेवले. २३ ऑक्टोबर १९४५ रोजी रॉबिन्सनच्या कराराची जाहीर घोषणा झाली. प्रस्थापित इतिहास या घटनेचे श्रेय रिकी यांच्या उदारतेला देतो. रिकी यांचे धैर्य मी नाकारत नाही. मात्र दार आतून उघडण्यापूर्वी ते बाहेरून किती वर्षे ठोठावले जात होते, हे या संकलनातून कळते.

आता त्या वार्ताहरांची स्वतःची स्थिती पाहा. बेसबॉल लेखक संघटनेचे सभासदत्व दैनिकांच्या वार्ताहरांनाच मिळे, आणि काळ्यांची पत्रे बहुतांशी साप्ताहिके होती. नियमात रंगाचा उल्लेख नव्हता, पण परिणाम रंगाचाच होता. त्यामुळे रॉबिन्सन मैदानात पोचल्यावरही त्याच्यासाठी लढलेले स्मिथ पत्रकार कक्षाबाहेर, प्रेक्षकांत बसून लिहीत होते. लेसी १९४८ साली संघटनेचे सभासद झाले. तरीही न्यू ऑर्लिअन्सला एकदा त्यांना कक्षात प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा ते खुर्ची घेऊन छतावर जाऊन बसले. न्यूयॉर्कचे काही गोरे वार्ताहरही मग त्यांच्या शेजारी येऊन बसले.

या विजयाची किंमतही लक्षात घेतली पाहिजे. रॉबिन्सन कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून आला, डॉन न्यूकम नेवार्क ईगल्सकडून. रॉबिन्सनसाठी रिकी यांनी मोनार्क्सला एक डॉलरही दिला नाही. काळा प्रेक्षक एबेट्स फील्डकडे वळला आणि १९४८ च्या हंगामानंतर निग्रो नॅशनल लीग बंद पडली. समान हक्क मिळाला, पण स्वतः उभारलेली संस्था गेली. हा पेच केवळ बेसबॉलचा नाही. प्रवेश हवा की स्वतःचे घर हवे, हा प्रश्न प्रत्येक बहिष्कृत समाजापुढे येतो आणि त्याला सोपे उत्तर नाही.

सन्मानाची कथाही बोलकी आहे. लेखक संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार जे. जी. टेलर स्पिंक यांच्या नावाने दिला जाई. ऑगस्ट १९४२ मध्ये याच स्पिंक यांच्या ‘स्पोर्टिंग न्यूज’ने अग्रलेख लिहून खेळातील वर्णभेदाची पाठराखण केली होती. १९७२ साली वारलेल्या स्मिथना १९९३ चा पुरस्कार मरणोत्तर जाहीर झाला, तो स्पिंक यांच्याच नावाचा! ते नाव संघटनेने २०२१ साली काढून टाकले.

डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगना ‘मेजर लीग’चा दर्जा मिळाला. मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी मुख्य नोंदींत आली आणि जॉश गिब्सन .३७२ या सरासरीने फलंदाजांच्या यादीत सर्वांच्या वर गेला. ही आकडेवारी आली कुठून? फार मोठ्या प्रमाणात त्याच काळ्या वृत्तपत्रांत छापलेल्या धावफलकांतून. गोऱ्या दैनिकांनी ज्या सामन्यांकडे पाठ फिरवली, त्यांचे आकडे या माणसांनी आठवड्यामागून आठवडे छापले. ते जपले गेले म्हणून गिब्सनचा न्याय सत्तर वर्षांनंतरही करता आला.

म्हणून अशा संकलनांकडे मी केवळ साहित्य म्हणून पाहत नाही. ती पुराव्याची कागदपत्रे असतात. संपादक काय निवडतो आणि काय वगळतो, यावर उद्याचा इतिहास ठरतो. आवडत्या संघाच्या आठवणी कोणीही काढील. त्या संघाचे दार कोणी ठोठावले, हे ठोठावणाऱ्यांच्याच लेखणीतून वाचले पाहिजे.