विंगरचा देश कोणता?

ब्रॅकनेल परिसरात सुट्टीच्या सकाळी मुलांना फुटबॉलला घेऊन जाणारे आईबाप आपल्या मंडळींत पुष्कळ आहेत. त्यांतला एखादा मुलगा खरोखरच चमकला, तर तो कोणत्या देशाकडून खेळेल? इंग्लंड की भारत? दोन विंगरांची उदाहरणे पाहू.

मायकेल ओलिसे लंडनमध्ये जन्मला. चेल्सीची अकादमी सोडल्यावर तो आपल्या शेजारच्या रीडिंग क्लबात आला आणि २०१९ मध्ये मुख्य संघातून खेळला. २०२१ मध्ये क्रिस्टल पॅलेस, २०२४ मध्ये बायर्न म्युनिक अशी त्याची चढती कमान. वडील नायजेरियन वंशाचे, आई फ्रेंच-अल्जेरियन. त्यामुळे चार देशांची दारे उघडी होती. त्याने फ्रान्स निवडला व २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले.

रायन विल्यम्स १९९३ चा, ऑस्ट्रेलियातील पर्थचा. आई मात्र मुंबईची. फुलहॅम, बार्न्सली, रॉदरहॅम, पोर्ट्समथ, ऑक्सफर्ड युनायटेड अशी इंग्लंडमधली वाटचाल करून तो २०२३ मध्ये बंगळूरु एफसीकडे आला. २०१९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता. फिफाच्या नियमांनुसार अशा सामन्याने खेळाडू कायमचा बांधला जात नाही. तरीही भारताचा दरवाजा उघडायला त्याला २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडावे लागले.

असे का? भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि राष्ट्रीय संघासाठी भारतीय पासपोर्टच लागतो. आपल्या मुलांकडचे ओसीआय कार्ड म्हणजे आजन्म व्हिसा, पासपोर्ट नव्हे. ओसीआयधारकाला भारतीय नागरिक व्हायचे, तर साधारणपणे कार्डाला पाच वर्षे झालेली हवीत, अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य हवे आणि ब्रिटिश नागरिकत्वावर पाणी सोडायची तयारी हवी.

शिवाय वेग हेच विंगरचे भांडवल. तिशीनंतर ते आटू लागते. विल्यम्सला भारतीय नागरिकत्व मिळाले तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. म्हणून मुलगा वा मुलगी अकादमीत गेली, तर बुटांच्या खर्चाइतकीच या कागदांची चर्चाही घरात वेळेवर व्हावी. निवड शेवटी खेळणाऱ्याचीच. पण तिची किंमत काय, हे त्याला आधी कळलेले बरे.