बोलणं थांबलं, तेव्हा चित्र बोललं

कुर्त्यावर, उशीच्या अभ्र्यावर, अगदी चहाच्या कपावरही हल्ली वारली चित्रं दिसतात. दोन त्रिकोण जोडून केलेली माणसं, तारप्याभोवती धरलेला फेर. आपण 'डिझाईन छान आहे' म्हणतो आणि घेऊन टाकतो. पण या चित्रांच्या मागे एका अबोल पोराची गोष्ट आहे.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४चा. लहानपणीच आई गेली. त्या धक्क्याने पोराचं बोलणंच थांबलं, ते कित्येक वर्षं. काही सांगायचं असलं की तो मातीत रेघा ओढून दाखवायचा. जे ओठांवर येत नव्हतं, ते बोटांत उतरलं.

वारल्यांमध्ये भिंतीवर लग्नाचा चौक काढायच्या त्या सुवासिनी. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ आणि बांबूची काडी, एवढंच साहित्य! पुरुषाने हे काम हाती घेणं ही नवलाचीच गोष्ट. जिव्यांनी ते नुसतं घेतलं नाही, तर लग्नाची वाट न बघता ते रोज काढू लागले. शेती, मासेमारीचं जाळं, ऐकलेल्या कहाण्या, सगळं आपलं जगणं त्यांनी चितारलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर गेले आणि ही चित्रं बाहेरच्या जगाला दिसली. २०११ साली जिव्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. ज्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या ही कला जपली, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली?

भुसावळच्या आमच्या बचत गटात मी हे सांगितलं आणि म्हटलं, नक्षी नको, आज आपली गोष्ट काढा. आधी सगळ्या लाजल्या. मग एकीने केळीची बाग काढली. डोक्यावर घड, पोटाशी पोर घेतलेली बाई. हळूच म्हणाली, "ताई, ही मीच." पुढे बराच वेळ ती बोलत राहिली. एरवी मीटिंगमध्ये तिच्या तोंडून शब्द निघत नाही. कागद घडी करून ती निघाली, तेव्हा मी तिला थांबवलं आणि खाली नाव लिहायला लावलं.

रांगोळी, गोधडी, भिंतीवरचं चित्र... तुम्हीही काढत असालच. एकदा त्यात स्वतःला काढून बघा. आणि खाली नाव लिहायला विसरू नका.