चाकणचा रस्ता रुंद होवो, पण गाळेवाल्याने जावे कुठे?

पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तो चाकणचा चौक ओलांडायला किती वेळ लागेल हे मुरलेला टेम्पोवालाही आज छातीठोकपणे सांगत नाही. कांद्याच्या बाजाराचे हे गाव बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन यांच्या कारखान्यांमुळे देशभर पोचले. २०१५ साली ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली. रस्ते मात्र गावाच्याच मापाचे राहिले.

या पट्ट्यातील वेल्डिंगवाले, गॅरेजवाले, टायरवाले यांचा आम्ही कानोसा घेतला. कारखानदारीला कोणाचा विरोध नाही. तिच्यावरच त्यांची चूल पेटते. तक्रार खोळंब्याची आहे. माल वेळेत पोचला नाही की पुढचे काम दुसऱ्याकडे जाते. आणि कोंडी फोडायची म्हटले की पहिला हातोडा टपरीवर पडतो! ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या पहाटे पाहणीला आले आणि अतिक्रमणे हटवण्याला जोर चढला. रस्त्यात आलेली शेड निघालीच पाहिजे, वाट अडवून मिळवलेल्या कमाईत बरकत कसली? पण कडेला रांगेने उभ्या राहणाऱ्या कंटेनरांना वाहनतळ कोण देणार, हेही विचारायला हवे.

नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये. अशा कामांत जागामालकाला मोबदला मिळतो. भाडेकरू कारागिराला वाटते, आपला काही हक्कच नाही. तसे नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करणारा आणि ज्याची मुख्य रोजीरोटी त्यामुळे बाधित होते असा कारागीरही ‘बाधित कुटुंबा’त मोडतो. विस्थापित कारागीर व छोट्या व्यापाऱ्यासाठी किमान २५ हजार रुपयांचे एकरकमी साहाय्य त्यात आहे. रक्कम तुटपुंजी खरी, तरी हक्काची. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा वेगळा कायदा असून सर्वेक्षण पुरे होऊन दाखले मिळेपर्यंत त्यांना उठवू नये, असे तो सांगतो.

अडचण पुराव्याची आहे. आपल्या पुष्कळ बंधूंचा गाळा तोंडी बोलीवर चालतो. वीजबिल मालकाच्या नावे, भाड्याची पावती मागायला संकोच. मोजणीवाले दारात येण्याआधी लेखी भाडेकरार करून घ्यावा, शॉप अ‍ॅक्टची नोंद आपल्या नावे करावी आणि जुन्या पावत्या जपून ठेवाव्यात.