विहिरीतला गेरू काय सांगतो?

शेतकरी बंधूंनो, विहीर खणताना काळा दगड फोडत खाली जावे आणि मध्येच तांबड्या मातीचा पट्टा लागावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. कोणी त्याला गेरू म्हणतो, कोणी तांबडी माती. 'आता पाणी लागणार' असे एक जण म्हणतो, 'आता विहीर ढासळणार' असे दुसरा. दोघांचेही थोडे थोडे खरे असते. पण याच तांबड्या पट्ट्यासाठी परदेशी विद्यापीठांतले भूशास्त्रज्ञ आपल्या सह्याद्रीत येऊन नमुने घेऊन जातात, हे किती जणांना ठाऊक आहे?

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि भाकरीच्या चवडीसारखा थरावर थर बसत गेला. एक थर थिजल्यावर पुढचा यायला कधी कधी बराच काळ जाई. तेवढ्यात वरचा दगड कुजून त्याची माती होई, तिच्यात ज्वालामुखीची राख मिसळे. मग नवा लाव्हा येऊन ती माती झाकून टाकी. तोच हा गेरू.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाने या गेरूतून झिरकॉन नावाच्या खनिजाचे अगदी बारीक कण वेचून काढले. या कणांत थोडे युरेनियम असते आणि ठरलेल्या गतीने त्याचे शिसे होत जाते. युरेनियम किती उरले आणि शिसे किती झाले हे मोजले, की कणाचे वय निघते. त्यावरून २०१५ साली त्यांनी मांडले, की लाव्ह्याचा मुख्य भाग सुमारे साडेसात लाख वर्षांत ओतला गेला.

कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष दगडातील आर्गॉन वायू मोजून वय काढले. २०१९ साली दोन्ही गटांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. मेक्सिकोत अशनी कोसळली त्यानंतर सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा आला, असे बर्कलीचे म्हणणे. लाव्हा चार उमाळ्यांत आला आणि त्यातला एक मोठा उमाळा त्याआधीच सुरू झाला होता, असे प्रिन्स्टनचे. डायनोसॉर नक्की कशाने संपले, हा वाद त्यातूनच चालू आहे. मात्र बहुतेक सगळा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत आला, यावर दोघांचे एकमत आहे. आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे या थरांच्या गटांना जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आपल्याच मुलखातली नावे आहेत. जगभरचे भूशास्त्रज्ञ तीच वापरतात.

तुम्ही म्हणाल, "साहेब, डायनोसॉर मेले काय नि जगले काय, माझ्या बोअरला पाणी लागेल का ते सांगा." रास्त प्रश्न आहे. पाण्याचे गणितही याच थरांत आहे. थराचा मधला दगड गच्च असतो, त्यात पाणी फक्त भेगांत. वरचा भाग बुडबुड्यांच्या छिद्रांचा. तो कुजलेला, फुटलेला असेल तर पाणी धरतो. छिद्रे पांढऱ्या गारांनी भरलेली असतील तर कमी धरतो. गेरू मात्र चिकणमातीसारखा. त्यातून पाणी सहसा खाली उतरत नाही, म्हणून त्याच्या वरच्या बाजूने झरे लागतात. ओला झाला की तो फुगतो, ढासळतो. म्हणून विहिरीत तेवढ्या भागाला बांधकाम हवे आणि बोअरमध्ये केसिंग पाईप हवा.

माझ्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने एका उन्हाळ्यात तीन बोअर मारले. तिन्ही कोरडे. शेजारच्या विहिरीत ३५ फुटांवर गेरू होता आणि त्याच्या वर झरे होते, हे मी नंतर पाहिले. त्याचे रान दहा फूट सखल. म्हणजे त्याच्याकडे तो पट्टा २५ फुटांच्या आसपास यायला हवा होता. त्याची जुनी विहीर २० फुटांवरच सोडून दिलेली! कर्ज अजून फिटलेले नाही. मी आधी त्या विहिरीत डोकावलो असतो तर, ही रुखरुख मला आहे.

तेव्हा तीन गोष्टी करा. एक, विहीर किंवा बोअर घेताना किती फुटांवर कोणता दगड, कोठे गेरू, कोठे ओल, हे वहीत लिहा. बोअरवाल्याला दर दहा फुटांचा चुरा वेगळा ठेवायला सांगा. दोन, नवा खड्डा घेण्याआधी शेजारच्या दोन-तीन विहिरी पाहा. आपल्याकडचे थर बहुतेक आडवे आहेत, जमिनीचा उंचसखलपणा धरला तर अंदाज बांधता येतो. मात्र थर मध्येच संपतोही, म्हणून एकाच विहिरीवर विसंबू नका. तीन, सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी सगळ्या गावाची अशी एक नोंदवही करावी. पाझर तलावाची जागा ठरवताना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसापुढे ती ठेवावी. तळाशी गच्च दगड किंवा गेरू असेल तर तलाव भरलेला दिसतो, पण खालच्या विहिरींना पाझर मिळत नाही.

विद्यापीठातली माणसे सातासमुद्रापलीकडून येऊन आपल्या गेरूचा एकेक कण जपून नेतात. आपण निदान तो किती फुटांवर लागला, एवढे तरी लिहून ठेवूया.