शरीरातले त्रिकोण

उजवा हात बाजूला, खांद्याच्या पातळीपर्यंत उचला आणि डाव्या हाताने खांदा चाचपून बघा. एक स्नायू घट्ट झालेला लागेल. वर रुंद, खाली निमुळता होत दंडाच्या बाहेरच्या अंगाला, साधारण मध्यावर संपणारा. दंडावर लस टोचतात ती याच स्नायूत. याचे नाव डेल्टॉइड, म्हणजे डेल्टासारखा.

डेल्टा हे ग्रीक अक्षर. त्याचे मोठे रूप म्हणजे चक्क त्रिकोणच. इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटसने नाईल नदीच्या मुखाकडच्या प्रदेशासाठी हेच नाव वापरले. आपल्या भूगोलात तो त्रिभुज प्रदेश. पण अक्षराचे टोक वर असते आणि स्नायूचे तर खाली! नकाशातही तसेच : नाईल उत्तरेकडे वाहते, त्यामुळे कैरोजवळचे टोक खाली दिसते. मुलांना नकाशा उलटा धरायला सांगा, अक्षर सुलटे होईल. (भुजा म्हणजे बाहू, आणि त्रिकोणाची बाजूही. तेव्हा दंडावरच्या या स्नायूला 'त्रिभुज' म्हटले तरी शोभेल.)

मानेच्या मणक्यांपासून वरच्या दोन बरगड्यांपर्यंत जाणाऱ्या स्केलीन स्नायूंचे नाव तर थेट भूमितीतले आहे : विषमभुज.

पोटातल्या एका त्रिकोणाला मात्र माणसाचे नाव मिळाले. पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेवर 1890च्या सुमारास प्रबंध लिहिणाऱ्या झाँ-फ्रांस्वा कालो या फ्रेंच शल्यविशारदाचे. पित्ताशयाची नळी, यकृताकडून येणारी पित्तनलिका आणि पित्ताशयाची धमनी या त्याच्या त्रिकोणाच्या तीन बाजू. आज 'कालोचा त्रिकोण' म्हणताना बहुतेक जण धमनीऐवजी यकृताची खालची कड ही तिसरी बाजू धरतात. म्हणजे जी धमनी कालोने बाजू म्हणून घेतली, ती आता त्रिकोणाच्या आत आली!

नाव तेच, आकृती निराळी. वर्णनावरून पडलेल्या नावात काय पाहायचे ते नावच सांगते. इथे ते विचारून घ्यावे लागते. आणि हा वाद कागदावरचा नाही. पित्ताशयाची नळी समजून चुकून मुख्य पित्तनलिका कापली गेली, तर पित्ताची आतड्याकडची वाट तुटते आणि रुग्ण गंभीर आजारी पडतो. म्हणून शल्यविशारद या त्रिकोणातली चरबी आणि पडदे आधी दूर करतात, पित्ताशयाचा तळचा भाग यकृतापासून सोडवतात. पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक धमनी, स्पष्ट दिसल्या की मगच कात्री चालवतात.